बोटभर प्लास्टर

आमच्या आण्णांनी बांधलेलं एकही घर पुरं नव्हतं. मुलगी म्हणून मी हे लाडानं सांगत नाही. धाराशिवात ज्यांनी त्यांच्याकडून घर बांधून घेतलं त्यांना विचारा. भिंती ओळंब्यात, कोपरे गुण्यात, दारं आजही कुरकुर न करता लागतात. पण बाहेरच्या एका भिंतीत, सज्जाच्या सावलीत, मांजराचा पंजा पोचणार नाही अशा जागी मुठीएवढं एक भोक तसंच सोडलेलं.

भिंत डोक्याच्या वर गेली की गवंड्याला उभं राहायला परांची लागते. तिचे आडवे वासे भिंतीतच खोचतात. काम संपलं की वासे काढायचे आणि मागं राहिलेली भोकं विटेचे तुकडे नि माल भरून बुजवायची. आण्णा सगळी बुजवायचे, एक सोडून. वास्तुशांतीच्या आधी घरमालक कौतुकानं घराभोवती फिरायचा आणि हमखास ओरडायचा, "मिस्त्री, एक ऱ्हायलं की वो बुजवायचं!"

"ऱ्हायलं न्हाय, ठिवलंय," आण्णा आहे तिथूनच सांगायचे. "तितं भाडेकरू येणार हाय."

"भाडेकरू? आन् भाडं काय देणार?"

"सकाळी उठिवतील तुमास्नी."

चैत्रात चिमण्या यायच्या, काड्या न्यायच्या, आणि मग घरमालकही त्या भोकाचा विषय काढायचा नाही. हे आण्णांच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. बेंबळीला ज्या वस्तादाच्या हाताखाली विटा वाहत ते मोठे झाले, त्याचा हा नेम. पाया खणताना आपण मुंग्यांची, सरड्यांची, घुशींची घरं मोडतो, तेव्हा एक तरी घर परत दिल्याशिवाय गवंड्यानं माल थापायची करणी धुवायची नाही. करणी धुतली म्हणजे काम संपलं. आण्णा बांधकामाच्या शेवटच्या दिवशी त्या सोडलेल्या भोकाकडं एकदा बघायचे आणि मगच बादलीत हात घालायचे.

मी पॉलिटेक्निकला सिव्हिलच्या डिप्लोमाला गेले तेव्हा माझी जीभ फार चालायला लागली होती. एकदा त्यांच्यापुढं नकाशाचा कागद पसरून विचारलं, "आण्णा, तुमचं ते भोक ह्यात कुठं दाखवायचं असतं?"

"न्हाय दाखवायचं," ते म्हणाले. "नकाशा माणसांसाठी असतोय."

मी हसले होते. आईसुद्धा हसली होती. बाप अडाणी आणि लेक शिकलेली असली की घरात असली चेष्टा चालतेच.

आमचं स्वतःचं घर गल्लीच्या शेवटी, उताराला. निम्मी गल्ली आण्णांनी बांधलेली आणि आमचं घर सगळ्यात शेवटी, स्वतःला सवड मिळाली तेव्हा. पश्चिमेच्या खोलीमागं जमीन एकदम खाली जाते. त्यामुळं आमच्या घरचं भोक बाहेरून पुरुषभर उंच होतं, पण आतून बघितलं तर खाटेच्या जरासंच वर. भोक भिंतीतून आरपार गेलेलं. आतल्या बाजूनं त्याच्यावर फक्त बोटभर प्लास्टर होतं. म्हणजे चिमण्यांचं दार बाहेर, पण झोपायच्या त्या आमच्याच खोलीत, असंच म्हणा ना. दिवस उगवायच्या आधी भिंतीतून पहिली चिवचिव आली की आण्णा उठून बसायचे आणि आम्हाला हाक मारायचे, "उठा, भाडेकरू उठले." गजराचं घड्याळ आमच्या घरात कधी आलंच नाही. फाल्गुनात आई खिडकीत सुतळीचे, कापसाचे तुकडे ठेवायची आणि आण्णा त्यात आपल्या निळ्या लाईनदोरीची झिजलेली टोकं कापून टाकायचे. भिंत सरळ धरायची ती दोरी. चिमण्यांना ती का आवडायची कोण जाणे, पण पहिलं तेच उचलायच्या.

मी पुढं पुण्याला नोकरीला लागले. काम इमारती गार ठेवायचं. गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा रंग, उन्हाच्या भिंतींना बाहेरून थर्माकोलच्या पाट्या, वरून जाळी आणि प्लास्टर, फटींमध्ये फोम. काम चांगलं होतं आणि मला ते येत होतं. मग एका पावसाळ्यात आण्णांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, जरा जड झालं, पण शब्द न् शब्द कळायचा. मी नोकरी सोडून परत आले. आल्या आल्या त्यांच्या उजव्या हाताकडं बघून मला रडू फुटलं, तर म्हणाले, "डावा हाय की अजून."

त्यानंतरचा उन्हाळा फार वाईट लागला. पश्चिमेची खोली दुपारपासून तापायची ती झोपायच्या वेळेपर्यंत भिंत हाताला चटका द्यायची. आण्णांना कूस बदलता येत नव्हती. पाठ सोलून निघाली होती. कुलर होता, पण कुलरला पाणी लागतं आणि आमच्याकडं नळ आठ-आठ दिवस तोंड दाखवत नाही. उरलेलं पाणी कुलरला घालायचं का आण्णांचं अंग पुसायला ठेवायचं, ह्यावर आई रोज बादलीपुढं उभी राहून विचार करायची. डॉक्टर तपासायला आले आणि मला बाहेर घेऊन म्हणाले, "खोली गार करा. नाहीतर हा उन्हाळा त्यांना झेपायचा नाही."

म्हणून मी ती खोली करायला घेतली. आण्णांसाठीच घेतली. हे मी आधी सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर कुणाला खरं वाटणार नाही.

दुसरंही एक कारण होतं. गावात येऊन मला वर्ष होत आलं होतं आणि एकही काम मिळालं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं चहाचं हॉटेल आहे, ते माझ्या देखत म्हणाले होते, "बाईमाणूस भित गार करणार म्हंजी काय, फुंकर मारणार का काय?" लोक हसले. मीही हसले आणि घरी येऊन चुलीवरचं दूध उतू जाऊ दिलं, इतका संताप आला होता. तेव्हा ठरवलं की आपलंच घर नमुना म्हणून करायचं आणि रविवारी सगळ्या गल्लीला बोलावून दाखवायचं. एका दगडात दोन पक्षी, असं मी आईला म्हणालेसुद्धा.

काम सुरू करायच्या आदल्या दिवशी आण्णांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. थर्माकोल हा शब्द त्यांनी दोनदा विचारला. मग डाव्या हातानं भिंतीकडं बोट केलं.

"त्येवढं एक ठेव, माय."

"बघते," मी म्हणाले.

आमच्या घरात 'बघते' म्हणजे नाही. हे तिघांनाही ठाऊक होतं.

गुरुवारी दुपारी मी शिडी लावून मागच्या भिंतीवर चढले. दोन गवंडी लावले होते, पण फोमची बंदूक मी दुसऱ्याच्या हातात दिली नव्हती. नळी फटीत घालून घोडा दाबला की पांढरा फेस निघतो, फुगतो आणि घट्ट होतो. खिडकीभोवतीच्या फटी झाल्या, वायरींची भोकं झाली आणि मी त्या भोकापाशी आले. बॅटरी मारली. आत काड्या दिसल्या, निळ्या दोरीचं एक टोक दिसलं. एक वाजला होता, चिमण्या चाऱ्याला गेलेल्या. आत काही आवाज नव्हता. घरटं मागच्या वर्षीचं आहे, असं मी ठरवलं. ठरवलं हा शब्द मी मुद्दाम लिहिते. मला तसं वाटलं नव्हतं. भर उन्हात पिल्लं गप्प असतात हे त्याच खोलीत लहानाची मोठी झालेल्या मला माहीत नसेल तर कुणाला असेल? एक पाईपचा तुकडा आडवा बसवून भोक तसंच ठेवता आलं असतं. त्यानं खोलीच्या गारव्यात काडीचा फरक पडला नसता. पण त्यासाठी खाली उतरून पाईप शोधावा लागला असता, आणि माझ्या नमुन्याच्या भिंतीला पहिल्याच दिवशी भोक दिसलं असतं. मी घोडा दाबला. मागोमाग पाट्या चिकटवून घेतल्या.

संध्याकाळी आण्णा म्हणाले, "भितीत पिल्लं हायत."

मी जमिनीवरचे रंगाचे डाग पुसत होते. आतली भिंत आदल्याच दिवशी फिकट निळी रंगवली होती.

"घूस असंल, आण्णा."

ते माझ्याकडं बघत राहिले. "माझ्या भितीत घूस?"

मी उठून भिंतीला कान लावला. लावायची गरज नव्हती, खोलीतही ऐकू येत होतं. दोन-तीन आवाज होते, एकात एक मिसळलेले, भुकेचे. मागच्या बाजूला दोन्ही चिमण्या पाटीला नखांनी धरून लोंबायच्या, घसरायच्या, परत यायच्या. एकीच्या चोचीत अळी होती.

"आतनं फोड," आण्णा म्हणाले. "बोटभर प्लास्टर हाय. चमच्यानं निघंल."

"कालच रंग दिलाय. रविवारी माणसं येणार आहेत. सोमवारी फोडते, नक्की."

"सोमवार लई लांब हाय त्यास्नी."

आई दारात आली होती. "फोड की गं. किती येळ लागतोय?"

आणि मी त्या दोघांवर ओरडले. चिमण्यांची पडलीय तुम्हाला, मी इथं कुणासाठी मरायलेय, एक काम मिळत नाही, लोक तोंडावर हसतात, असं बरंच काही बोलले. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. आई आत गेली. आण्णांनी डोळे मिटले.

शुक्रवारी सकाळी ठक ठक ऐकून मी धावत गेले. आण्णा डाव्या हातात स्टीलचा पेला धरून त्याच्या काठानं भिंतीवर मारत होते. सगळ्या आयुष्यात त्यांनी डाव्या हातानं काही केलं नव्हतं. निम्मे घाव भलतीकडं पडत होते. रंगावर नखाएवढ्या चंद्रकोरी उमटल्या होत्या, पाच-सहा, प्लास्टरला मात्र काही झालं नव्हतं. आण्णांनी केलेलं प्लास्टर होतं ते. ते मारायचे थांबले की आतून चिवचिव जोरात यायची. मी त्यांच्या हातातून पेला काढून घेतला आणि पाण्यासाठी प्लास्टिकचा ठेवला. चंद्रकोरींवर भिंतीवरचं कॅलेंडर आणून लावलं. मग गवंड्यांना आत बोलावून आण्णांची खाट उचलून समोरच्या भिंतीला नेली.

"इकडं वारं चांगलं लागतंय," मी म्हणाले.

त्या गवंड्यांपैकी एकजण आण्णांच्याच हाताखाली शिकलेला. जाताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

शनिवारी मी एकदा, आण्णा झोपलेले असताना, कॅलेंडरला कान लावला. एकच आवाज होता, बारीक. रविवारी सकाळी तोही नव्हता.

रविवार मात्र मी म्हटलं होतं तसाच झाला. बाहेर रस्त्याचं डांबर पायाला चिकटत होतं आणि आत आलेला माणूस दारातच थांबून "कुलर कुठाय?" विचारत होता. कुलर नव्हता. बायका आल्या त्या खाली फरशीवर बसल्या आणि उठेचनात. शेजारची एक बाई पाठ टेकून बरोबर कॅलेंडरखाली बसली. "भित गार लागायलीय गं बाई," ती म्हणत होती, आणि मी तिथून नजर काढून घेतली. हॉटेलवाले काका आण्णांच्या खाटेपाशी गेले. "नशीबवान हायसा मिस्त्री. लेकीनं सावली केली तुमच्यावर."

"व्हय," आण्णा म्हणाले. "गुणाची हाय."

मागच्या बाजूला चिमण्यांचा कालवा चालला होता. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "चिमण्या लई वरडायल्यात." मी चहा आणायला आत गेले. त्या एका दिवसात गल्लीतल्या बहुतेक घरांची कामं माझ्याकडं आली. पहिलं काम हॉटेलवाल्या काकांचं.

सोमवारी मी भिंत फोडली नाही. काय फोडायचं होतं? आण्णांनीही आठवण करून दिली नाही. मला वाटतं त्यांनी ती मुद्दाम करून दिली नाही, आणि ह्याचा मला तेव्हा राग आला होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आण्णांना तो उन्हाळा झेपला. पाठ भरून आली. कुलरचं पाणी वाचलं ते आई त्यांच्या अंगावर रोज घालू लागली. आधी दर उन्हाळ्यात गल्लीत कुलर घोंघावायचे, फ्यूज उडायचे, पाण्यावरून बायकांची कचाकचा भांडणं व्हायची. ते सगळं कमी झालं. एका घरातलं तान्हं बाळ उन्हानं तापायचं ते तापेना झालं. मी केलेलं काम वाईट होतं, असं कुणी म्हटलं तर मी आजही भांडेन.

गच्च्या मी त्याच उन्हाळ्यात रंगवल्या. भिंतींना हात लावला तो दिवाळीनंतर. तेव्हा घरटी रिकामी असतात. एवढी अक्कल आली होती. एकामागून एक घर घेतलं. आण्णांनी बांधलेल्या प्रत्येक घराला त्यांचं एक भोक होतं आणि प्रत्येक भोकात मी फोम मारला. पिल्लू एकही मेलं नाही. मी स्वतःला हेच सांगत होते. थर्माकोल कापताना उडालेले पांढरे मणी नालीतून वाहत ओढ्याला जाऊन पोचले. मग चैत्र आला आणि चिमण्या आपापल्या घराच्या भिंतीपुढं येऊन फडफडू लागल्या. एकीच्या चोचीत थर्माकोलचा मणी होता. मऊ वाटला असेल तिला. तो घेऊन ती भिंतीपुढं वर-खाली होत राहिली. आठ-दहा दिवस हे चाललं आणि मग थांबलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण खिडक्यांना मीच रबराच्या पट्ट्या लावल्या होत्या आणि त्या बंदच असायच्या. पुढं कधीतरी पारावर विषय निघाला की चिमण्या कुठं गेल्या. सगळ्यांनी मोबाईलच्या टॉवरच्या नावानं बोटं मोडली. मीही मान हलवली.

घरात आण्णा रोज सकाळी विचारायचे, "उजाडलं का?"

आधी कधी विचारलं नव्हतं. त्यांना विचारायची गरजच पडली नव्हती. खोली आता गार होती, अंधारी होती, आणि बाहेरचं काहीही आत येत नव्हतं. आई कुठंही असली तरी तिथून उत्तर द्यायची, "उजाडलं बरं का." मग ते डोळे उघडायचे.

त्याच चैत्रात मी चाकाची खुर्ची आणली. आण्णांना गल्ली बघायची होती. सकाळी ऊन चढायच्या आधी त्यांना बसवलं आणि चढावर ढकलत निघाले. लोक दारात येऊन रामराम घालत होते, पण आण्णांचं लक्ष त्यांच्याकडं नव्हतं. ते आपण बांधलेल्या प्रत्येक घरापाशी मान वर करून एकाच जागी बघत होते. कुठल्या भिंतीत कुठं, त्यांना सगळं पाठ होतं. मी खुर्ची ढकलत राहिले. शेवटी हॉटेलवाल्या काकांच्या घरापाशी त्यांनी डावा हात वर केला.

"भितीजवळ घे."

मी खुर्ची भिंतीला लावली. त्यांनी हात लांबवला. भोकाची जागा फार वर होती, पण भिंत तीच. त्यांनी पंजा प्लास्टरवर ठेवला आणि गवंडी बघतो तसा सावकाश फिरवला, खालून वर, मग आडवा.

"हितं वर व्हतं."

"व्हय."

"समदी बुजवलीस?"

"समदी, आण्णा."

त्यांनी हात काढून घेतला. धूळसुद्धा लागली नव्हती. "काम साफ झालंय, माय," ते म्हणाले. "कुटं व्हतं त्ये वळखू बी येत न्हाय."

मी दहा वर्षांची असल्यापासून त्यांचा ओळंबा धरत होते. डिप्लोमा झाला, पुण्याला मोठमोठ्या इमारती केल्या. माझ्या कुठल्याही कामाला आण्णांनी कधी चांगलं म्हटलं नव्हतं. म्हणायची त्यांची रीतच नव्हती. त्यांच्या तोंडून मी ते एकदाच ऐकलं, आणि टोमणा नव्हता तो. त्यांना टोमणा मारता येत नसे. काम खरंच साफ होतं. मी खुर्ची वळवली आणि घरापर्यंत मला त्यांच्या मागं राहता आलं, एवढंच बरं झालं, कारण माझं तोंड त्यांना दिसलं नाही.

श्रावणात ते गेले. सकाळी नेहमीसारखं त्यांनी विचारलं, आईनं नेहमीसारखं सांगितलं, आणि ती चहा घेऊन येईपर्यंत संपलं होतं. खोली गार होती. लोक म्हणाले, मिस्त्रीला शेवटी त्रास झाला नाही.

तेरावा झाल्यावर पाहुणे पांगले. मी आण्णांची पिशवी काढली, त्यातली छन्नी आणि हातोडी घेतली आणि पश्चिमेच्या खोलीत गेले. कॅलेंडर तेच होतं, गेल्या वर्षीच्या चैत्रावर थांबलेलं. ते काढलं. खाली त्या चंद्रकोरी होत्या. मी मधोमध छन्नी ठेवली. तिसऱ्या ठोक्याला प्लास्टर आत पडलं. खरंच बोटभर होतं. बोटभरही नसेल.

फोम आतपर्यंत आलाच नव्हता. तोंडापाशी फुगून तिथंच घट्ट झाला होता. घरट्याला त्यानं शिवलंही नव्हतं. वाळकं गवत, कापूस, निळ्या लाईनदोरीचे चार-पाच तुकडे, आणि त्यात तीन पिल्लं, वाळून पानासारखी झालेली. पिल्लं बाहेरच्या दाराकडं तोंड करून बसतात, चारा तिकडूनच येतो. ह्या तिघांची तोंडं खोलीकडं होती. बाहेरचा उजेड गेल्यावर फक्त ह्याच बाजूनं कुणीतरी दार वाजवत होतं. आणि मी खाट उचलून पलीकडं नेली होती.

आई मागं उभी होती. तिनं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. आम्ही ती तिन्ही परसात पुरली. दोरीचे तुकडे मी ठेवून घेतले आहेत.

त्या दिवाळीनंतर मी गल्लीत आण्णांनी बांधलेल्या प्रत्येक घरी गेले आणि थर्माकोलमधून आरपार पाईपचे तुकडे बसवून भोकं परत उघडली. फुकट, आणि हात जोडून. हॉटेलवाले काका म्हणाले, "बापाचं याड लेकीला लागलं." पण त्यांनी शिडी धरली. नवीन कामात आता पहिलं भोक ठेवते आणि मग फोमला हात लावते. आमच्याही भिंतीचं बाहेरचं तोंड मोकळं केलं आणि आतून पुन्हा बोटभर प्लास्टर केलं. ते मात्र आण्णांच्यासारखं जमलं नाही, जरा फुगलंय.

दोन चैत्र गेले. एका भोकात गांधीलमाश्यांनी पोळं केलं. चिमण्या आल्या नाहीत. चिमणी जिथं जन्मते त्याच्याच आसपास घर शोधते, असं आण्णा म्हणायचे, आणि आमच्या गल्लीत आता कुणी जन्मत नाही.

मी आण्णांच्या खोलीत झोपते. खाट परत पश्चिमेच्या भिंतीला लावली आहे. झोप फार लवकर उघडते. मग भिंतीकडं तोंड करून पडून राहते. खोलीत गारवा असतो, अंधार असतो, आणि किती वाजले असतील काही कळत नाही. मी विचारत नाही. मला तसं विचारायचा हक्क नाही.

पण आईची सवय गेलेली नाही. ती स्वयंपाकघरातून सांगते, "उजाडलं बरं का."